लेडी, वुमन, मॅडम: कुणाला काय म्हणावं?

जळगाव स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करणाऱ्या तरुणाचा हा प्रश्न आहे. अजिंठ्याला जाणारे बरेच परदेशी प्रवासी रेल्वेने जळगावला उतरतात, रात्री मुक्काम करतात आणि सकाळी गाडी करून साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे निघतात. अशाच एका पाहुणीचा चष्मा काउंटरवर राहिला. ती दारापर्यंत पोचली होती, म्हणून या भावाने मागून जोरात हाक मारली, 'हॅलो, लेडी!' तिने चष्मा घेतला खरा, पण कपाळावर आठी घालूनच. मॅनेजर म्हणाला, 'लेडी नको, वुमन म्हणत जा.' शेजारची सहकारी म्हणाली, 'वुमन म्हणजे तर सरळ ए बाई झालं.' रजिस्टरच्या रकान्यात छापलंय 'फीमेल'. त्यात मिस, मिसेस आणि ते 'एम-एस' आहेच. यातला सभ्य शब्द कोणता, हे त्याला एकदाचं हवंय. जाता जाता त्याने स्वच्छतागृहाच्या दारावर काय लिहावं, हेही विचारलंय.

सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. तुमचा 'लेडी' शब्दही वाईट नव्हता, तो फक्त हाक मारायचा शब्द नव्हता. इंग्रजीत बाईबद्दल बोलायचे शब्द वेगळे आणि बाईशी बोलायचे वेगळे. 'वुमन' पहिल्या जागी निर्दोष, दुसऱ्या जागी उद्धट. 'मॅडम' नेमकं उलटं. 'लेडी' दोन्हीकडे पाय ठेवून उभी असते आणि म्हणून घसरते. जळगावात इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना माझ्याकडे आलेल्या या जातीच्या शंकांपैकी बहुतेक या एका फरकापाशी येऊन सुटल्या आहेत.

मराठीत ही वाटणी फारशी जाणवत नाही. 'काकू', 'मावशी', 'ताई' हाकेलाही चालतात आणि 'त्या काकू येऊन गेल्या' असं मागाहून सांगायलाही. शिवाय आपला आदर क्रियापदात भरलेला असतो: आल्या, म्हणाल्या, बसा. अहिराणीत तर 'जेवनी का, माय?' एवढ्यात मान आणि माया दोन्ही येतं. इंग्रजीत समोरच्याला 'यू' हा एकच शब्द, आणि 'आली' काय नि 'आल्या' काय, दोन्हींना 'केम'. मग आपला माणूस आदर दाखवायला एखादं भारदस्त नाम शोधतो आणि ते वाक्याच्या तोंडाशी बसवतो. इंग्रज तो आदर वाक्याच्या घडणीत ठेवतो: 'कुड यू प्लीज', 'वुड यू लाइक', 'सॉरी टु ट्रबल यू'. तुम्ही 'एक्स्क्यूज मी, युअर ग्लासेस!' एवढंच म्हणाला असतात तर ती हसत मागे वळली असती. हाकेत नाम लागतच नाही, ही गोष्ट आपल्या मुलांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यांना ते बिनमीठाचं वाटतं.

आता 'वुमन'कडे येऊ. तुमच्या मॅनेजरचं आणि सहकारी बाईंचं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. 'वुमन!' अशी हाक म्हणजे बायकोवर डाफरणारा नवरा. पण 'अ वुमन इज वेटिंग आउटसाइड' या वाक्यात काडीचाही अनादर नाही. बातमीत, कायद्यात, अभ्यासाच्या पुस्तकात, मैदानावर हाच शब्द रुळलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या. इंग्रजीत त्या 'इंडियाज फर्स्ट वुमन प्रेसिडेंट'. आपल्याकडचे काही जण जास्त मान द्यायचा म्हणून 'फर्स्ट लेडी प्रेसिडेंट' म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण 'फर्स्ट लेडी' म्हणजे राष्ट्राध्यक्षांची पत्नी. स्वतः निवडून येऊन त्या पदावर बसलेल्या बाईला नकळत कुणाची तरी बायको करून टाकलं. समोरासमोर बोलताना 'मॅडम प्रेसिडेंट', बातमीत 'वुमन प्रेसिडेंट' आणि जळगावात 'प्रतिभाताई'. व्यक्ती एकच, आणि तिन्ही संबोधनं आपापल्या ठिकाणी चोख.

उच्चाराचं एक इथेच सांगून टाकतो. एकवचन 'वुमन', अनेकवचन 'विमिन'. स्पेलिंग बदलतं ते दुसऱ्या अर्ध्यात, कानाला फरक कळतो तो पहिल्यात. आपण दोन्हींना 'वुमेन' म्हणतो आणि मग अनेकवचन दाखवायला मागे 'स' लावून 'वुमेन्स' करतो. 'विमिन्स डे' मधला 'स' हा अनेकवचनाचा नाही, 'महिलांचा' मधल्या 'चा'चा आहे.

'लेडी' जास्त खोडकर आहे. ती बाई समोर उभी असताना तिच्याबद्दल तिसऱ्याला सांगायचं असेल तर 'लेडी' शोभून दिसते. वेटरला सांगा, 'प्लीज हेल्प दिस लेडी विथ हर बॅग.' रांगेत कुणी मध्ये घुसलं तर म्हणा, 'दिस लेडी वॉज हिअर बिफोर यू.' इथे 'दिस वुमन' म्हटलं तर जरा कोरडं लागतं. समूहाला 'लेडीज अँड जंटलमेन' म्हणायची पद्धत जुनी आणि सभ्य, जरी लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१७ पासून त्याऐवजी 'गुड मॉर्निंग, एव्हरीवन' अशी घोषणा सुरू केली तरी. पण एकट्या बाईला एकवचनात 'लेडी' अशी हाक घातली की सगळा सूर बदलतो. अमेरिकेत 'लुक, लेडी' किंवा 'हे, लेडी' हे भांडणाच्या सुरुवातीचे शब्द आहेत. पार्किंगवरून वाजलं की ऐकू येतात. 'यंग लेडी' म्हणजे आई मुलीला रागे भरतेय. तुमच्या पाहुणीच्या कानाला हे सगळं एका क्षणात ऐकू आलं असणार. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे तिला कसं कळावं?

कामाच्या आधी 'लेडी' लावायची सवय तर सोडाच. इंग्लंडमध्ये शाळेत जेवण वाढणारी ती 'डिनर लेडी', ऑफिस झाडणारी ती 'क्लीनिंग लेडी'. कमी पगाराच्या कामाला हा शब्द लावून वरून साखर पेरलेली आहे. वकिलीला किंवा वैमानिकाच्या कामाला तो लावला, 'लेडी लॉयर', 'लेडी पायलट', की बोलणाऱ्याला नवल वाटलेलं दिसतं. आपल्याकडच्या 'लेडी डॉक्टर'ची गोष्ट निराळी. खेड्यातून आलेली बाई 'लेडी डॉक्टर कुठं बसते?' असं विचारते तेव्हा तिला खरोखरच बाई डॉक्टर हवी असते, आणि पुष्कळदा तिला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणायचं असतं. ती गरज खरी आहे, तिला हसू नका. परदेशी पाहुणीने तुमच्याकडे चौकशी केली तर मात्र 'अ वुमन डॉक्टर' किंवा 'अ फीमेल डॉक्टर' म्हणा, आणि अनेकवचन 'विमिन डॉक्टर्स'. दोन्ही शब्द अनेकवचनी होतात, हे पक्क्या इंग्रजीवाल्यांनाही चटकन सुचत नाही.

गंमत म्हणून सांगतो, जुन्या इंग्रजीत 'लेडी' या शब्दाचा मूळ अर्थ पीठ मळणारी आणि 'लॉर्ड'चा अर्थ भाकरी राखणारा. त्या हिशोबाने कळण्याची भाकरी थापणारी खानदेशातली प्रत्येक माउली लेडीच ठरते. पण पुढे 'लॉर्ड' लॉर्डच राहिला आणि बायकांच्या शब्दांना मात्र उतरती कळा लागली. 'मास्टर' अजून मालक आणि गुरुजी आहे. त्याची जोडीदार 'मिस्ट्रेस' घरधनीण होती, ती ठेवलेली बाई झाली. 'हाउसवाइफ'चंच झिजलेलं रूप 'हसी', ते शिवी झालं. फ्रेंचमध्ये 'माझी स्वामिनी' असा अर्थ असलेली 'मॅडम' नामासारखी वापरली तर कुंटणखाना चालवणारी होऊ शकते. इंग्रजांना नावं ठेवायला नकोत, आपलं 'नायक' आणि 'नायकीण' आठवा.

म्हणून 'शी इज अ मॅडम' असं वाक्य कधीही बोलू नका. आपल्या शाळकरी मुलांचं 'शी इज माय इंग्लिश मॅडम' भारतात कळतं, बाहेर ऐकणारा दचकतो. तिथे 'शी इज माय इंग्लिश टीचर'. 'मॅडम' हा केवळ हाकेचा आणि पत्राच्या मायन्याचा शब्द. तुमच्या कामात तो अगदी बसतो: 'गुड मॉर्निंग, मॅडम', 'युअर कार इज हिअर, मॅडम'. हॉटेल, दुकान, विमान, इथे तो चालतोच. शिवाय अजिंठ्याला येणाऱ्यांत जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंकेचे प्रवासी भरपूर. त्यांचीही इंग्रजी शिकलेलीच असते आणि 'मॅडम' त्यांना नीट कळतं. फक्त दर वाक्याला नको. आपण 'येस मॅडम, ओके मॅडम, थँक्यू मॅडम' असा जप लावतो, तो त्यांना चाकरीचा वाटतो आणि अवघडायला होतं. पहिल्यांदा एकदा, निरोप देताना एकदा, बास.

'मॅम' हे त्याचंच आखूड रूप. अमेरिकेच्या दक्षिणेकडे ते रोजच्या वळणाचं आहे, तिथली मुलं आईलाही 'येस, मॅम' म्हणतात. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियातल्या तिशीतल्या बाईला मात्र 'मॅम' म्हटलं की तिला वाटतं, आपलं वय दिसायला लागलं. आपल्याकडे कॉलेजच्या मुलाने पहिल्यांदा 'काकू' म्हटल्यावर जे होतं, तेच. ब्रिटनमध्ये 'मॅम' राणीसाठी आणि लष्करातल्या, पोलिसातल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्यांसाठी; तिथे उच्चार 'जॅम'शी जुळणारा, लांबवलेला 'माम' नव्हे. ब्रिटिश दुकानदार बायकांना 'लव्ह', 'डक', 'पेट' म्हणतात, स्कॉटलंडात तर 'हेन' म्हणतात, म्हणजे कोंबडी. ऐकून हसा, पण उचलू नका. ते त्यांच्या तोंडीच गोड लागतं.

'फीमेल' विशेषण म्हणून पूर्ण सभ्य आहे: 'फीमेल गेस्ट', 'फीमेल लिटरसी', फॉर्मवर 'फीमेल' हा रकाना. नाम म्हणून मात्र ते पोलिसांच्या पंचनाम्यात, दवाखान्याच्या नोंदीत आणि प्राण्यांच्या वर्णनात राहू द्या. 'टू फीमेल्स आर वेटिंग' असं म्हटलं तर त्या दोघींची मोजदाद केल्यासारखी वाटते. आपल्या बाजारपेठेत दुकानाच्या काचेवर 'फीमेल पाहिजे' अशा चिठ्ठ्या दिसतात. मला त्या वाचवत नाहीत. 'काउंटरसाठी महिला कर्मचारी पाहिजेत' एवढं स्वच्छ मराठी असताना हा अट्टहास कशाला?

त्याउलट 'लेडीज' शब्दावर माझा राग नाही. 'एक लेडीज येऊन गेली', 'त्या लेडीजला बसू द्या' हे आता आपलं मराठीच आहे. एसटीतल्या कंडक्टरपासून सोन्याच्या दुकानातल्या सेल्समनपर्यंत सगळे बोलतात आणि ऐकणाऱ्या बाईला ते सभ्यच वाटतं. इंग्रजीत 'वन लेडीज' नाही, 'वन लेडी', एवढं परत जाताना लक्षात ठेवलं की झालं.

'गर्ल' म्हणजे अठराच्या आतली, असं धरून चला. बायका आपसात 'गर्ल्स' म्हणतात, 'गर्ल्स नाइट' करतात, तो त्यांचा हक्क. तुम्ही पंचविशीतल्या सहकारी बाईंची ओळख 'अवर रिसेप्शन गर्ल' अशी करून दिलीत तर त्यांचं काम लहान केलंत. 'माय कलीग' म्हणा, झालं. 'वर्किंग गर्ल' हा शब्द तर अजिबात नको. इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ देहविक्रय करणारी असा आहे.

आता मिस, मिसेस आणि एम-एस. खरं कोडं इथे आहे, म्हणून जरा थांबतो. हे तिन्ही 'मिस्ट्रेस'पासूनच निघालेत. सतराव्या-अठराव्या शतकात 'मिसेस' लग्नाची खूण नव्हती, घरात किंवा कामात मान असलेल्या बाईची होती. मोठ्या वाड्यातली स्वयंपाकीण अविवाहित असली तरी 'मिसेस' असे. पुढे 'मिस' कुमारिकेला आणि 'मिसेस' लग्न झालेलीला अशी विभागणी पक्की झाली. पुरुषाला मात्र जन्मभर 'मिस्टर'च, त्याचं लग्न झालंय का हे पाकिटावर लिहायची कुणाला गरज पडली नाही. ही विषमता खटकून १९०१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने सुचवलं की बाईच्या लग्नाबद्दल माहिती नसेल तर 'एम-एस' लिहावं. सूचना धूळ खात पडली. १९६१ च्या सुमारास शीला मायकल्स या कार्यकर्तीने ती पुन्हा उचलून धरली, १९७२ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते आपल्या पानांत घ्यायला १९८६ साल उजाडलं. उच्चार 'मिझ', शेवटी 'झ'. 'मिस' म्हटलंत तर सगळा खटाटोप वाया. अमेरिकन लिहिताना पुढे टिंब देतात, ब्रिटिश देत नाहीत.

तुमच्यासाठी सरळ नियम: बुकिंगवर तिने स्वतः जे लिहिलंय तेच वापरा. तिने 'मिसेस' लिहिलं असेल तर तिला 'मिझ' करून सुधारायला जाऊ नका. काही लिहिलं नसेल तर 'मिझ'. 'डॉक्टर' किंवा 'प्रोफेसर' लिहिलं असेल तर तेच आधी. डॉक्टर बाईला मिसेस म्हटलेलं लागतं, आणि रास्तच आहे. 'आर यू मिस ऑर मिसेस?' हे विचारूच नका. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात भुसावळ येईपर्यंत लग्न, मुलंबाळं, पगार सगळं विचारून होतं, त्यांच्याकडे हा प्रश्न फार घरातला आहे. जोडपं आलं तरी खोलीच्या पाकिटावर नवऱ्याच्या आडनावाने 'मिस्टर अँड मिसेस' लिहिण्याआधी पासपोर्ट बघा. अनेकींनी स्वतःचं आडनाव ठेवलेलं असतं. कोरियन आणि चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत आणि त्यांच्यात आडनाव आधी लिहितात. त्यामुळे 'किम मिन-जी' या पाहुणीला 'मिझ किम' म्हणायचं, 'मिझ जी' नव्हे.

हा वाद इंग्रजीपुरता नाही. जर्मनांनी १९७२ मध्ये सरकारी व्यवहारातून त्यांचं 'मिस', म्हणजे 'फ्रॉइलाइन', काढलं, फ्रेंचांनी २०१२ मध्ये त्यांचं 'मादमोआझेल'. विम्बल्डनमध्ये स्पर्धेचं नाव अजून 'लेडीज सिंगल्स' आहे, पण विजेत्यांच्या फलकावरून २०२२ मध्ये 'मिस' आणि 'मिसेस' गेले.

आपल्या 'सौ.' आणि 'श्रीमती'ला इंग्रजीत नेताना मुलं हमखास अडकतात. 'सौ.' म्हणजे नवरा हयात असलेली. 'श्रीमती' खरं तर कुणालाही चालावं, हिंदीत आणि सरकारी कागदावर तसं चालतंही. पण मराठी घरात पत्रिकेवर 'श्रीमती' वाचलं की लोक वेगळाच अर्थ काढतात आणि मानपानावरून रुसवे होतात. इंग्रजीत हा भेद नाही. नवरा गेल्यावरही 'मिसेस ब्राउन' ही 'मिसेस ब्राउन'च राहते. म्हणून सौ., श्रीमती, कु. तिन्हींचं इंग्रजी करताना मी डोळे झाकून 'मिझ' लिहायला सांगतो.

आणखी एक. इंग्रजीत मिसेस किंवा मिझ आडनावाला लागतं, नुसत्या नावाला नाही. 'मिसेस सुनीता' चूक, 'मिसेस पाटील' बरोबर. यावर विद्यार्थी विचारतात, 'सर, आमच्या ऑफिसात पाटीलच सहा, कोणती पाटील ते कसं कळणार?' प्रश्न खानदेशी आहे आणि योग्य आहे. 'सुनीता मॅडम', 'वैशाली मॅडम' हे रूप त्यातूनच आलं, आणि भारतात ते खुशाल वापरा. परदेशी माणसाला लिहिताना पूर्ण नाव द्या: 'मिझ सुनीता पाटील'. सातबाऱ्यावर 'सुनीताबाई' असेल आणि पासपोर्टवर 'सुनीता', तर पासपोर्टप्रमाणे चला. हे 'बाई' पाहुण्यांना समजावणंही अवघडच. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, त्या नावातलं 'बाई' मानाचं. जुन्या शाळेतल्या 'बाई' म्हणजे शिक्षिका. आणि मुंबईत 'आज बाई आली नाही' म्हणजे भांडी पडून आहेत.

नात्यांच्या शब्दांनी आपण परक्याला घरात घेतो. परदेशी पाहुणीला 'आंटी' म्हणणं मात्र टाळा. ब्रिटनमध्ये मावशी-आत्या वगळता हा शब्द फार तर आईच्या मैत्रिणीला लावतात. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीय बायकांना 'मिसेस' हा मान नाकारून 'आंटी' म्हणत, त्याची जखम अजून आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजात तोच शब्द ज्येष्ठ बाईसाठी मोठ्या मानाचा, पण तो मान त्यांनी त्यांच्या माणसाला द्यायचा. तुम्ही 'मॅडम'वर राहा.

'सिस्टर'चंही तसंच. आपल्या दवाखान्यात प्रत्येक नर्स सिस्टर. ब्रिटनमध्ये 'सिस्टर' म्हणजे वॉर्डची मुख्य परिचारिका, अमेरिकेत सिस्टर म्हणजे बहीण नाहीतर जोगीण. धुळे-नंदुरबारकडच्या नर्सिंग शिकलेल्या मुली बाहेरदेशी जाण्याआधी शिकायला येतात, त्यांना हे आधी सांगावं लागतं, कारण पहिल्याच दिवशी सहकारीणीला 'सिस्टर' म्हणून त्या तिला बढती देऊन बसतील.

घरच्या बायकांबद्दल बोलताना 'माय मिसेस' नको, 'माय वाइफ'. आणि 'फॅमिली'! 'फॅमिलीला दवाखान्यात न्यायचंय' याचा आपल्याकडे अर्थ बायकोला. 'माय फॅमिली इज इन द हॉस्पिटल' ऐकून बॉसला वाटतं, अख्खं घर अपघातात सापडलं. वहिनी, नणंद, मेहुणी या तिघींना इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ' एवढाच एक डबा आहे, आणि जावेलाही बहुधा त्यातच कोंबतात. 'को-सिस्टर' हा आपला भारतीय शोध, बाहेर कळत नाही. नेमकं सांगायचं तर फोड करून सांगा: 'माय ब्रदर्स वाइफ', 'माय हजबंड्स सिस्टर'.

'हाउसवाइफ' शिवी नाही, पण 'होममेकर' आता जास्त रुळतोय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी जी पुस्तिका काढली, तीत 'हाउसवाइफ'ऐवजी 'होममेकर', 'स्पिन्स्टर'ऐवजी 'अनमॅरिड वुमन', 'करिअर वुमन'ऐवजी नुसतं 'वुमन' आणि 'ईव्ह टीझिंग'ऐवजी 'स्ट्रीट सेक्शुअल हॅरॅसमेंट' सुचवलं आहे. शेवटचा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'टीझिंग' म्हटलं की छळाची थट्टा होते. क्रिकेटच्या नियमांतही सप्टेंबर २०२१ पासून 'बॅट्समन' जाऊन 'बॅटर' आलाय, तेव्हा पाहुणीशी विश्वचषकाच्या गप्पा मारताना 'लेडी बॅट्समन' म्हणू नका.

लेखी व्यवहाराचं थोडं. रावेर-यावलकडे केळी निर्यात करणाऱ्यांच्या मेल मी तपासून देतो, त्यात समोरून कुणीही असो, सुरुवात 'डिअर सर'. पलीकडे खरेदी अधिकारी बाई असते. नाव माहीत नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. नाव माहीत असेल तर 'डिअर मिझ ब्राउन' आणि 'युअर्स सिन्सिअरली'. नावावरून बाई की पुरुष कळत नसेल तर पूर्ण नाव लिहा. 'रिस्पेक्टेड मॅडम' भारतात गोड, बाहेर विचित्र. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके डिअर', 'येस डिअर' कधीच नाही. मायन्यातलं 'डिअर' नुसता शिष्टाचार असतो. नावाशिवाय सुटं 'डिअर' म्हणजे सलगी. परदेशी पाहुण्या आपल्या ड्रायव्हरांबद्दल ज्या तक्रारी करतात त्यात गाडी हाकण्याच्या खालोखाल हे 'डिअर' असतं, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला ते आदराचं वाटत असतं.

राहिला दारावरच्या पाटीचा प्रश्न. 'लेडीज' लिहा किंवा 'विमिन', दोन्ही चांगले. शेजारच्या दारावर अनुक्रमे 'जेंट्स' किंवा 'मेन', म्हणजे जोडी जुळेल; एकीकडे 'लेडीज' आणि दुसरीकडे 'मेल' नको. 'विमिन' आधीच अनेकवचन आहे, त्याला मागे 'एस' जोडायचा नाही. पेंटरला तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, आणि खाली मराठीत 'महिला' टाकायला सांगा, कारण तुमच्याकडे उतरणारे निम्मे पाहुणे चोपडा-शिरपूरचेच असतात.